यादी आधी, आराखडा नंतर

इंदूरच्या जुन्या भागात रस्ता रुंद होणार असला की त्याची खबर कागदाआधी भिंतीवर येते. नगर निगमची माणसं फीत धरून येतात, ओटल्यावर नाहीतर दुकानाच्या शटरशेजारी लाल खूण मारतात आणि पुढच्या घराकडे सरकतात. घरातल्या कुणी विचारलंच तर ‘झोनल ऑफिसात जाऊन विचारा’ एवढं उत्तर मिळतं. प्रकल्प व्यवस्थापनाच्या भाषेत ज्याला हितधारकांशी संवाद म्हणतात, तो आपल्याकडे बहुधा असा रंगाच्या डब्यापासून सुरू होतो.

संवाद होतच नाही असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. बैठका होतात, वर्तमानपत्रांत सूचना छापून येतात, पार्षद गल्लीत फिरतात, कलेक्टर कचेरीत मंगळवारी जनसुनवाई असते. माझी तक्रार वेळेबद्दल आहे. या बहुतेक गोष्टी सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, मंजूर होऊन निविदा निघाल्यावर घडतात. तेव्हा रेषा ठरलेली असते, खांबांच्या जागा ठरलेल्या असतात, पैसा बांधला गेलेला असतो. त्यानंतर लोकांना फक्त कळवता येतं. विचारण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून कुणाला विचारायचं याची यादी डीपीआरच्या आधी, रस्त्यावर पायी फिरून तयार व्हायला हवी. आणि कोणता निर्णय कोणत्या तारखेपर्यंत बदलू शकतो, हे त्या यादीतल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असायला हवं.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. ‘स्टेकहोल्डर’साठी मराठीत सर्रास ‘भागधारक’ वापरतात. पण भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर घेतलेला माणूस. त्याचा पैसा अडकलेला असतो आणि त्याला लाभांश मिळतो. मध्य प्रदेशच्या सरकारी हिंदीत ‘हितग्राही’ हा शब्द चालतो आणि तो फक्त योजनेचा लाभ घेणाऱ्याला लावतात: घरकुलाचा हितग्राही, पेन्शनचा हितग्राही. दोन्ही शब्दांत ज्याचं काही जातं तो माणूस बसत नाही. त्याच्यासाठी ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द आहे, पण तो वापरायची वेळ येते तेव्हा माणूस ग्रस्त होऊन चुकलेला असतो. व्यवस्थापनाचे अभ्यासक आर. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ साली केलेली व्याख्या या सगळ्यांहून साधी आहे: उद्दिष्ट साधताना जो त्यावर परिणाम करू शकतो किंवा ज्याच्यावर परिणाम होतो, तो प्रत्येक जण किंवा गट. यातला दुसरा अर्धा भाग आपल्या याद्यांतून गळतो. मराठीत बोलायचं तर यादी लाभाची करतात, झळीची करत नाहीत. इथे ‘हितधारक’ हा शब्द वापरला आहे, पण तो वाचताना झळ धरून वाचावा.

व्याख्येनं काय होतं हे पाहायला इंदूरकरांना लांब जायला नको. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचं मुख्यालय आपल्या विजयनगरात आहे. ज्या निवाड्यातून ते जन्मलं, त्या नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला गेला. सज्ञान मुलीचा उल्लेख नव्हता. धरणाच्या बुडितात ज्याची २५ टक्क्यांहून जास्त जमीन जाते त्याला किमान दोन हेक्टर जमीन मिळावी असं ठरलं. म्हणजे जमीन नसलेला शेतमजूर, नदीवर जगणारा मासेमार, नावाडी हे या जमिनीच्या हक्कात आपोआप आले नाहीत. त्या काळाच्या मानानं निवाडा उदार होता हे मान्य करायलाच हवं. तरी पुढची कित्येक वर्षं नर्मदाकाठच्या निमाडात जे झगडे चालले, त्यातल्या पुष्कळांचं मूळ ‘कुटुंब कोणाला म्हणायचं’ या एका ओळीत होतं. अशी ओळ लिहिणाऱ्याला ती कारकुनी वाटते. तीच नंतर सगळ्यात महाग पडते.

आता शहरातल्या रस्त्याकडे येऊ. कचेरीत बसून यादी करायची तर हाताशी संपत्तिकराची नोंदवही असते. तिच्यात मालकाचं नाव असतं आणि जुन्या इंदुरात ते पुष्कळदा आजोबांचं असतं, कारण नामांतरण, म्हणजे वारसांच्या नावे नोंद, झालेलंच नसतं. वारस तीन शहरांत विखुरलेले. घरात राहतो तो भाडेकरू, खाली दुकान चालवतो तो पगडीवरचा दुसरा भाडेकरू. त्यांचं नातं १९६१ च्या स्थान नियंत्रण कायद्यानं बांधलेलं असलं तरी करवहीत त्यांचा मागमूस नसतो. ओटल्यावर बसणारा चांभार, फुलवाली, कोपऱ्यावरची पान-चहाची गुमटी यांची तर कुठेच नोंद नसते. नोटीस आजोबांच्या नावानं निघते आणि भिंत पडते भाडेकरूच्या डोक्यावरची.

पायी फिरून केलेली यादी वेगळी निघते, पण फिरायचं कधी यालाही महत्त्व आहे. एका फेरीत भागत नाही. पहाटे सहाला दूधवाले, पेपरवाले, भाजीचे ठेले आणि शाळेच्या व्हॅन दिसतात. दुपारी बाराच्या सुमाराला हम्माल, माल उतरवणारे लोडिंग रिक्षावाले. रात्री नऊनंतर तिसरंच चित्र असतं. सराफा बाजाराचंच पाहा: दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री त्याच ओटल्यांसमोर खाऊची गर्दी. एकाच सहा फूट जागेवर दोन जणांचं पोट आहे आणि दिवसा गेलेल्या सर्वेक्षकाला त्यातलं एकच दिसतं. चौथी फेरी रविवारी, आणि पाचवी दिनदर्शिकेवरून करायची. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, राजवाड्यावरून जाते. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. या मार्गांवर चर खणून ठेवणाऱ्या ठेकेदाराला आयोजक, पोलीस आणि वीज कंपनी असे तीन नवे हितधारक ऐनवेळी भेटतात, आणि तिघंही त्या दिवशी त्याचं काहीच ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतात.

हे काम किती मोठं, असा प्रश्न येईल. उदाहरणादाखल सहाशे मीटरचा रस्ता धरू. दर्शनी रुंदी सरासरी सहा मीटर धरली तर दोन्ही बाजूंना मिळून दोनशे दर्शनी भाग. प्रत्येकाला सरासरी तीन नोंदी: मालक, भाडेकरू, ओटल्यावरचा. म्हणजे सहाशे नोंदी. दोघांची एक जोडी दिवसाला दहा दर्शनी भाग नीट करते. दोन जोड्या दहा दिवसांत रस्ता पुरा करतात. कुलूपबंद घरांसाठी आणि रात्रीच्या फेऱ्यांसाठी आणखी एक आठवडा सोडा. चार माणसं, तीन आठवडे. सबंध प्रकल्पाच्या खर्चात हा आकडा चिल्लर आहे.

नोंदीत काय लिहायचं यावर मात्र कंजुषी होते. नाव, पत्ता, फोन एवढ्यावर थांबलेली यादी निरोप पाठवण्यापलीकडे कशालाच उपयोगी पडत नाही. कामाची नोंद अशी असते: या माणसाचं नेमकं काय जातं (चार फूट ओटला, जिना, वीजमीटर, नर्मदेच्या पाण्याची जोडणी, ड्रेनेजचा चेंबर, की नुसतं रोजचं गिऱ्हाईक), किती दिवसांसाठी जातं, परत भरून येण्यासारखं आहे का, त्याला कोणता निर्णय अजून बदलून घेता येईल, त्याच्याशी कोण बोलणार, कोणत्या भाषेत आणि कोणत्या वेळी. शेवटचा रकाना क्षुल्लक वाटतो. पण रामबाग-नारायणबागेतल्या वाड्यात एकटी राहणारी मराठी आजी हिंदी बोलते छान. कायद्याच्या हिंदीतली नोटीस तिला कळत नाही. जमिनीच्या सरकारी नोंदीतला खसरा क्रमांक तर कुणालाच कळत नाही. नोटिसीबरोबर त्या घराचा मोजमापासह साधा नकाशा जोडला तर निम्मे हेलपाटे वाचतील.

प्रकल्प व्यवस्थापन शिकलेले अधिकारी इथे एक चौकट काढतात: आडव्या रेघेवर हितधारकाचा रस, उभ्या रेघेवर त्याची ताकद. ताकद जास्त, रसही जास्त, त्याला जवळ धरा. ताकद जास्त पण रस कमी, त्याला खूश ठेवा. रस जास्त पण ताकद कमी, त्याला माहिती देत राहा. दोन्ही कमी, त्याच्यावर नुसतं लक्ष ठेवा. मेंडेलो यांच्या नावानं ओळखली जाणारी ही चौकट कंपनीच्या अंतर्गत प्रकल्पाला चांगली आहे. नवं सॉफ्टवेअर बसवताना हिशेब विभागाचा प्रमुख आडवा आला तर काम थांबतं, म्हणून त्याला आधी गाठायचं, यात वावगं काही नाही. सार्वजनिक कामात मात्र ही चौकट जशीच्या तशी उचलली की गुमटीवाला ‘माहिती देत राहा’ या खणात पडतो. त्याचं सगळंच जाणार असतं, फक्त काम अडवायची ताकद त्याच्यात नसते. सार्वजनिक पैशाच्या कामात तिसरी रेघ हवी: नुकसान भरून येण्याजोगं आहे की नाही. ज्याचं भरून येणार नाही त्याला ताकद शून्य असली तरी पहिल्या खणात बसवायचं. हा दयेचा मुद्दा वाटेल, पण तो हिशेबाचाही आहे. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काहीच उरत नाही तो शेवटी कोर्टात जातो, नाहीतर जेसीबीसमोर बसतो, आणि त्या दिवशी चौकटीतली त्याची ताकद एकदम वर जाते.

दुसरी चूक म्हणजे संघटनेच्या अध्यक्षाला गाठलं की सगळा बाजार गाठला असं समजणं. व्यापारी संघाचे अध्यक्ष बहुधा स्वतः जागामालक असतात. रुंदीकरणात गेलेल्या जागेच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे जादा बांधकाम करायचा किंवा विकून टाकायचा हक्क), ज्याला सगळे टीडीआर म्हणतात, मिळणार असेल तर तो मालकाला मिळतो. त्याच्या पगडीवरच्या भाडेकरूला मागे सरकलेलं अर्धं दुकान मिळतं, किंवा तेही मिळत नाही. एकाच छपराखालच्या या दोघांचं हित एकमेकांच्या विरुद्ध आहे. अध्यक्षांनी संमती दिली म्हणजे फार तर अर्ध्या बाजाराची संमती झाली. रहवासी संघांचंही तेच. आणि आपल्या मराठी मंडळांबद्दल एक, प्रेमानं: आपण सभा उत्तम घेतो, ठराव त्याहून उत्तम लिहितो, फक्त त्याची प्रत नेमकी कोणत्या टेबलावर जायला हवी याची चौकशी करत नाही. डीपीआर करणारी सल्लागार संस्था कोण आहे, तिची मुदत कधी संपते, हे ठाऊक नसेल तर महापौरांना दिलेलं निवेदन फोटोपुरतं उरतं.

यादी झाली की बोलायचं काय? इथे सगळ्यात जास्त भान लागतं. सगळंच चर्चेला खुलं आहे असं भासवणं ही लबाडी आहे आणि लोक ती दुसऱ्या बैठकीत ओळखतात. शहराच्या विकास योजनेत रस्त्याची रुंदी ठरलेली असेल तर ‘रुंदी बदलणार नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगावं. मग काय बदलू शकतं ते सांगावं: कामाचा क्रम, एका वेळी किती मीटर खणायचं, कोणती बाजू आधी, चेंबर कुणाच्या दारात येणार, रस्त्याची अंतिम पातळी, गुमट्यांची पर्यायी जागा, रात्री काम करायचं की नाही. यातल्या प्रत्येकापुढे तारीख लिहावी. त्या तारखेआधी आलेली सूचना विचारात घेतली जाईल, नंतर आलेली घेतली जाणार नाही. लोकसहभागाच्या अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात माहिती देणं तिसऱ्या पायरीवर आहे आणि मत विचारणं चौथ्या. आपण तिसरीवर उभे राहून चौथीवर असल्याचं सांगतो, रोष येतो तो त्यावरून. प्रामाणिकपणे तिसरीवर उभं राहिलेलं लोक चालवून घेतात.

पातळीचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण नकाशात तो दिसत नाही आणि पहिल्या पावसात दिसतो. जुना डांबरी थर खणून न काढता त्यावर कोरड्या काँक्रीटचा पाया आणि वर मुख्य काँक्रीटचा थर टाकला तर रस्ता सहज फूटभर वर येतो. जुन्या घरांचे ओटले तेवढेच उंच असतात. म्हणजे ज्या दुकानात चाळीस वर्षं पाणी शिरलं नाही त्यात जुलैत शिरतं. हे टाळायला तंत्र काही अवघड लागत नाही: रस्त्याची अंतिम पातळी प्रत्येक दारावर खडूनं किंवा रंगानं मारून ठेवावी आणि पंधरा दिवस तशीच राहू द्यावी. लोकांना नकाशातले आकडे वाचता येत नसले तरी आपल्या उंबऱ्यापेक्षा रेघ वर आहे की खाली हे प्रत्येकाला कळतं. हरकती तिथल्या तिथे येतील आणि कागदावर पातळी बदलणं काँक्रीट फोडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

असाच गोंधळ दिवसांचा. साइटवरचा अभियंता म्हणतो, ‘आठ दिवसांत तुमच्या समोरचं काम होईल.’ त्याच्या मनात काँक्रीट ओतून होण्याचा दिवस असतो. दुकानदार ऐकतो की नवव्या दिवशी गिऱ्हाईक गाडी लावेल. सामान्य काँक्रीटची ताकद २८ दिवसांवर मोजतात. वाहनं सोडायला साधारण तेवढीच मुदत धरतात. म्हणजे दोघांच्या समजुतीत चार आठवड्यांचं अंतर, आणि खोटं कुणीच बोललेलं नाही. म्हणून तारीख देताना कृतीची तारीख देऊ नये, वापराची द्यावी: पायी कधी जाता येईल, दुचाकी कधी, मालाची गाडी कधी. तीन वेगळ्या तारखा. त्यात सराफ्यासारख्या बाजारात धनतेरसच्या आधीचे तीन आठवडे लाल शाईनं वगळलेले.

तारखा कोण सांगणार हेही ठरवायला हवं. प्रकल्पात परस्परांशी बोलणारे जितके, त्यांच्यातल्या संवादाच्या वाटा त्याहून फार वेगानं वाढतात. साधं गणित आहे: संख्येला एकानं कमी संख्येनं गुणायचं आणि निम्मं करायचं. एका शहरी रस्त्यावर नगर निगमचे पाणी, ड्रेनेज आणि बांधकाम असे तीन विभाग, विकास प्राधिकरण, वीज वितरण कंपनी, गॅस कंपनी, दूरसंचारच्या दोन कंपन्या, वाहतूक पोलीस, सल्लागार, ठेकेदार आणि पार्षद धरले तर बारा होतात आणि वाटा सहासष्ट. नागरिक त्यात धरलेलेच नाहीत. या सहासष्ट वाटांवरून तीन वेगळ्या तारखा बाहेर पडल्या तर नवल नाही. बाहेरच्यांशी बोलणारं तोंड एकच असावं, त्याचं नाव आणि फोन साइटवरच्या फलकावर असावा, आणि त्याची बदली झाली तर नोंदवही पुढच्याच्या हाती सही घेऊन द्यावी. बदलीबरोबर नोंदवही, म्हणजे दिलेली सगळी वचनं, गायब होणं हा आपल्याकडचा फार जुना रोग आहे.

वचनांचा आणखी एक मुक्काम आहे तो बहुतेकांना ठाऊक नसतो: निविदेतली बाबनिहाय यादी, जिला सगळे बीओक्यू म्हणतात. बैठकीत अभियंता म्हणतो, दुकानांपुढे लोखंडी पत्रे टाकून देऊ, पाण्याची तात्पुरती लाइन देऊ, रात्री दिवे ठेवू. मनापासून म्हणतो. पण बीओक्यूत त्या बाबी नसतील तर ठेकेदार त्या जादा कामात दाखवतो, जादा कामाला वरची मंजुरी लागते, मंजुरीला महिने जातात आणि चर तोवर भरूनही जातो. मधल्या काळात म्हातारी माणसं फळकुटावरून चालत असतात. म्हणून बैठकीत कबूल केलेली प्रत्येक गोष्ट निविदा निघण्याआधी परिमाणासह यादीत उतरली पाहिजे: किती मीटर पत्रे, किती दिवे, किती दिवस. निविदेआधी ऐकायचं का, याचं याहून रोकडं कारण मला सापडत नाही. ऐकलेलं पैशात उतरवायची ती शेवटची खिडकी असते.

कायद्यात हे सगळं नाही का? तुकड्यातुकड्यानं आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचं मूल्यांकन आणि जनसुनावणी आहे. बाधित कुटुंबात, जमीन नसली तरी तीन वर्षं तिथे राहणारा किंवा तिथल्या कामावर जगणाराही येतो. व्याख्या चांगली आहे. पण शहरातलं पुष्कळसं रुंदीकरण त्या वाटेनं जातच नाही. नगर पालिक निगम अधिनियम, १९५६ मधल्या रस्त्याच्या नियमित रेषेच्या, म्हणजे रस्त्याची हद्द आखणाऱ्या रेषेच्या, तरतुदींनी होतं. तिथे मूल्यांकनाची पायरी आपोआप येत नाही. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यात नगर विक्रेता समिती आहे, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी निवडून आलेले विक्रेते हवेत आणि हलवण्याआधी ३० दिवसांची नोटीस हवी. विकास योजनेच्या मसुद्यावर हरकतींसाठी १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमात ३० दिवस आहेत. हे सगळं किमान आहे. गंमत अशी की किमान पाळलं की संवाद पुरा झाला असं फायलीत लिहिता येतं, म्हणून किमानाचंच कमाल होऊन बसलं आहे.

या शहराच्या दोन मोठ्या कामांवर हा विचार लावून पाहा. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे जलद बससेवेचा मार्ग, २०१३ साली सुरू झाला. मधली मार्गिका बसला राखीव, यावर पहिल्या वर्षापासून वाद. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो काढण्याची घोषणा केली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयानंही काढायला मुभा दिली. काढणं बरोबर की चूक, हा वेगळा लेख होईल. पण अकरा-बारा वर्षांत मोटारवाल्यांचं म्हणणं काय आहे हे शहरातल्या प्रत्येकाला पाठ झालं. त्या मार्गिकेतल्या आय-बसमधून रोज उभ्यानं जाणाऱ्या कोचिंगच्या मुलांचं, रुग्णालयात काम करणाऱ्या आयाबाईंचं, मॉलमधल्या विक्रेत्यांचं म्हणणं काय, हे कुणाला सांगता येईल? त्यांची संघटना नसते, वकील नसतो, आणि त्यांना गाठायला बस थांब्यावर उभं राहावं लागतं. खरं तर हे फार सोपं होतं, कारण हे हितधारक रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी रांगेत उभे असत.

मेट्रोचं उलट झालं. पायाभरणी २०१९ च्या सप्टेंबरात झाली. गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर हा सुमारे सहा किलोमीटरचा पाच स्थानकांचा टप्पा ३१ मे २०२५ रोजी सुरू झाला. पण मधल्या शहरातून ती खांबांवरून न्यायची की जमिनीखालून आणि कुठून पुढे जमिनीखालून, यावर लोकप्रतिनिधी, व्यापारी आणि अधिकारी पायाभरणीनंतर वर्षानुवर्षं बसत राहिले. प्रश्न योग्यच होता. पण तो विचारायचं वय डीपीआरचं होतं. उशिरा विचारलेला योग्य प्रश्न दुप्पट महाग पडतो: आधी केलेलं सर्वेक्षण वाया जातं, खर्चाचा अंदाज पुन्हा मांडावा लागतो, मंजुऱ्या पुन्हा घ्याव्या लागतात.

यावर अधिकाऱ्यांचं एक उत्तर नेहमीचं आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते म्हणतात, सगळ्यांना विचारत बसलं तर इंदुरात एकही रस्ता झाला नसता. खरं आहे की ज्याला रस्ता नकोच आहे तो चर्चा लांबवतो. हेही खरं की पहिल्या बैठकीत बोलणारे नेहमीचे दहा जण असतात. पण विचारणं म्हणजे मतदान घेणं नव्हे. निर्णय अधिकाऱ्यानं किंवा निवडून आलेल्या परिषदेनंच घ्यायचा. विचारणाऱ्यावर बंधन एवढंच की आलेल्या प्रत्येक सूचनेपुढे ‘घेतली’ किंवा ‘घेतली नाही, कारण हे’ असं लिहून ती वही झोनल ऑफिसात उघडी ठेवायची. कारण पटलं नाही तरी लोक ते वाचतात, आणि वाचलेल्या नकाराचा राग न वाचलेल्या नकारापेक्षा पुष्कळ कमी असतो. सध्या तक्रार मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ वर किंवा नगर निगमच्या ३११ च्या ॲपवर जाते. तिथे तक्रार बंद होणं हीच मोजपट्टी असल्यामुळे ‘बंद करा ना’ असे फोन येतात. असा फोन हाही संवादच. दिशा फक्त उलटी.

आणि हे शहराला जमत नाही असं तर मुळीच नाही. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग आठ वेळा अव्वल ठरलेल्या इंदुरात कचऱ्याचं काम नेमकं या पद्धतीनं उभं राहिलं. आधी मोजक्या वॉर्डांत दारोदार गाडी नेऊन पाहिली, मग ती ८५ वॉर्डांत नेली. स्वयंसेवी संस्थांची माणसं घरोघर जाऊन ओला-सुका वेगळा कसा ठेवायचा हे पुन्हापुन्हा सांगत राहिली. कचरा वेचणाऱ्यांना व्यवस्थेत जागा दिली. गाडीची वेळ ठरलेली आणि ती आल्याचं गाण्यावरून कळायचं, म्हणजे निरोपही ठरलेल्या वेळी, ठरलेल्या आवाजात. ज्या गृहिणीनं डबे वेगळे ठेवले नाहीत तर सबंध साखळी तुटते, ती ‘ताकद कमी’च्या खणात बसली असती तर हा प्रकल्प पहिल्याच वर्षी आपटला असता. तिला पहिल्या खणात बसवलं गेलं, कारण तिच्यावाचून भागत नव्हतं. रस्त्याच्या कामात भाडेकरूवाचून भागतं, म्हणून तो यादीत नाही. फरक कौशल्याचा नाही.

पुढची मोठी परीक्षा राजवाड्याच्या आसपास, मेट्रोच्या जमिनीखालच्या कामात आहे. बोगदा आणि स्थानकाची खोदाई होते तिथल्या जुन्या इमारती लाकडाच्या, विटांच्या, चुन्याच्या. काहींचे मजले नंतर चढवलेले. अशा कामाआधी प्रत्येक इमारतीची स्थिती नोंदवतात: आधीपासून असलेल्या भेगांचे फोटो, त्यांची रुंदी, भिंतींचा कल, आणि मग भेगांवर मापं व जमिनीवर खचण्याच्या खुणा लावून काम चालू असताना वाचन घेतात. ही नोंद ठेकेदाराला संरक्षण देते, कारण जुनी भेग त्याच्या माथी येत नाही. रहिवाशालाही तेवढंच संरक्षण मिळू शकतं, पण त्यासाठी पंचनामा मशीन उतरण्याआधी व्हायला हवा, फोटोंवर तारीख हवी, कंपनाची आणि खचण्याची कोणती मर्यादा ओलांडली की काम थांबवायचं हा आकडा त्याला लेखी मिळायला हवा, त्या रात्री घर रिकामं करावं लागलं तर कुठे जायचं ती जागा ठरलेली हवी, आणि पंचनाम्याची प्रत मालकाबरोबरच तिथे राहणाऱ्याच्या सहीनं त्याच्या हातात हवी.